रेम्ब्राँचा ‘पर्शियन’ : पोशाख आणि पात्र

बरोक कलेतील पौर्वात्य वेषातल्या आकृतींचा विचार आपल्याकडे बहुधा एडवर्ड सईद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (1978) या ग्रंथाच्या आधारे होतो. पाश्चात्त्यांनी रचलेला पूर्वेचा मनुष्य, हा निष्कर्ष चित्र पाहण्याआधीच तयार असतो. रेम्ब्राँचे ‘पर्शियन’ (1632) हे अम्लरेखन, म्हणजेच एचिंग, या निष्कर्षात सहजी बसत नाही.

चित्र अवघे 11 सेंटिमीटर उंच व 8 सेंटिमीटर रुंद. फरची किनार असलेला जड झगा, टोपीला तुरा, छातीवर पदक, हाती काठी. मागे जवळजवळ काहीच नाही. 1626 मध्ये शाह अब्बासचा वकील मूसा बेग हॉलंडमध्ये आला होता. तरीही इराणी पोशाखाची नोंद म्हणावी असे येथे फारसे आढळत नाही. शीर्षकही रेम्ब्राँचे नव्हे, ते नंतरच्या सूचीकारांचे. सईदप्रणीत आक्षेप घ्यावयाचाच असेल, तर तो प्रथम या नामकरणावर घ्यावा लागेल.

झाडीपट्टी रंगभूमीच्या प्रदेशात अध्यापन करणाऱ्यास येथे वेगळे काही जाणवते. शंकरपटाच्या रात्री वडशाच्या एखाद्या मंडळीचा राजा भाड्याच्या अंगरख्यात रंगमंचावर येतो, तेव्हा तो अंगरखा कोणत्या राजवटीचा, हे प्रेक्षक विचारीत नाहीत. पात्राला वजन आले की झाले. रेम्ब्राँचा झगाही याच जातीचा आहे. त्याच सुमारास, कालोच्या प्रभावाखाली, त्याने काठीवर रेललेले भिकारी कोरले होते. मेणाच्या थरावरून सुई हलकेच फिरते, रेषा पुढे अम्ल खोदते. त्यामुळे चिंधी आणि फर दोन्ही एकाच चपळ हाताने उमटतात. भिकाऱ्याचा आधार असलेली काठी येथे मानाची होते, एवढाच पालट. (आपल्या अभ्यासक्रमांत मुद्राचित्रणास जागाच नसल्याने ही तुलना सहसा घडत नाही.)

पुढे 1656 ते 1661 च्या सुमारास रेम्ब्राँने मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली, तीही आशियाई कागदावर. शाहजहानचा जामा, पटका, पगडीची बांधणी यांत तो निरखून पाहतो. समोर अस्सल नमुना येताच हा हात सावध होतो; ‘पर्शियन’मधला मोकळेपणा तेथे दिसत नाही.