पुतळ्यांची माळ
पुतळ्यांची माळ : आकृती उठविलेल्या सोन्याच्या गोल चकत्या ओवून केलेला स्त्रियांचा पारंपरिक महाराष्ट्रीय कंठालंकार. याचे मूळ नाण्यात आहे. व्हेनिसचे डुकाट हे सुवर्णनाणे १२८४ मध्ये प्रथम पाडण्यात आले. सु. ३·५ ग्रॅ. वजनाचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे हे नाणे सागरी व्यापारातून भारतात आले व ‘पुतळी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच्या एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त असे. भारतीय सोनारांनी प्रतिकृती घडविताना लॅटिन अक्षरांना नक्षीचे रूप दिले. पुढे मूळ आकृतींच्या जागी लक्ष्मीसारख्या देवता आल्या. परके नाणे अशा रीतीने घरचे झाले.

या अलंकाराचे सौंदर्य एकाच घटकाच्या पुनरावृत्तीत आहे. खड्यांचा झगमगाट नसूनही उठावावरील छायाप्रकाशामुळे तो उठून दिसतो. ऐपतीप्रमाणे एकेक पुतळी वाढविता येते व अडचणीत एखादी मोडताही येते. त्यामुळे शोभा आणि संचय यांत विरोध राहत नाही. मात्र पातळ पत्र्यावर साच्याने उमटविलेल्या पुतळ्यांत आकृती उथळ होते व केवळ बाह्याकार उरतो. भारतात २००० पासून सोन्याच्या दागिन्यांवर करण्यात येणारे हॉलमार्क धातूच्या शुद्धतेची हमी देते, घडणीची नव्हे. जुनी माळ आटविल्यास सोने शिल्लक राहते. अनामिक सोनाराच्या हाताचा एकमेव पुरावा मात्र कायमचा नाहीसा होतो.