घरातले विमान आणि होकाराचे बटण

घरच्या संगणकावर विमान उडवण्याच्या छंदाने चाळिशी केव्हाच ओलांडली. मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’ची पहिली आवृत्ती १९८२ साली आली, तेव्हा पडद्यावरच्या चार रेषांना शिकागो मानून घ्यावे लागे. २०२० च्या आवृत्तीत उपग्रहांच्या छायाचित्रांवरून अवघी पृथ्वी उभी केली आहे. ढग खरे वाटतात, काचेवरचे पावसाचे थेंब खरे वाटतात. या खेळांविषयी लिहिणारे बहुतेक जण याच गोष्टींना गुण देतात. माझी तक्रार डोळ्यांची नाही, कानांची आहे. या खेळातले हवाई वाहतूक नियंत्रण, म्हणजे कंट्रोलर आणि वैमानिक यांचे रेडिओवरचे बोलणे, ऐकायला खरे आणि आतून पोकळ आहे.

खऱ्या पद्धतीचा गाभा पाहू. कंट्रोलर सांगतो, ‘चार हजार फुटांवर उतरा.’ वैमानिकाने नुसते ‘बरे’ म्हणून भागत नाही. त्याने ‘चार हजार’ हा आकडा आपल्या विमानाच्या नावासकट परत म्हणायचा असतो. याला रीडबॅक म्हणतात. मग कंट्रोलरने तो कान देऊन ऐकायचा आणि चुकला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. आम्हा संगणकवाल्यांना ही कल्पना ओळखीची आहे. जाळ्यावरून पाठवलेला संदेश पोचल्याची पावती आली नाही, तर तो पुन्हा पाठवावा लागतो. फरक एवढाच, की इथे दोन्ही टोकांना माणसे आहेत आणि माणसे चुकीचे ऐकतात, हे गृहीत धरूनच ही पद्धत बांधली आहे.

ती कशासाठी, हे २७ मार्च १९७७ ला तेनेरीफ बेटावर दिसले. धुक्याने भरलेल्या धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे दगावली. केएलएमचे विमान उड्डाणाची परवानगी नसताना निघाले होते. टॉवरचे ‘ओके’ त्या वैमानिकांना ऐकू गेले, पण पाठोपाठचे ‘थांबा’ नीट पोचले नाही. त्याच क्षणी पॅन ॲमचे वैमानिक ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असे सांगू लागले होते. एका फ्रीक्वेन्सीवर दोघे एकदम बोलले की उरते ती कर्कश शिट्टी. या अपघातानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना तेवढा वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला. एका शब्दाचा वापर असा रक्ताने ठरला आहे.

आता खेळातला कंट्रोलर पाहा. पडद्यावर एक चौकट उघडते, तीत क्रमांक घातलेली वाक्ये असतात. आपण एक कळ दाबायची, की आपल्या वतीने यंत्रच अचूक रीडबॅक देते. आपली जीभ अडखळत नाही आणि पलीकडचा चुकीचे ऐकत नाही. तेही जड वाटले तर सगळा रेडिओ सहवैमानिकाकडे सोपवण्याची सोय आहे. चौकटीतल्या पर्यायांपलीकडे बोलायला जागाच नाही. विमान जेमतेम चढत असले, तरी ‘लवकर वर चढा’ हा धोशा चालू राहतो. २०२० पासून आवाज मात्र झकास झाले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! जी पद्धत चूक पकडण्यासाठी जन्मली, तिच्यातून चुकीची शक्यताच काढून टाकली, तर मागे उरते ती आरती, संवाद नव्हे.

निर्मात्यांची बाजूही सांगितली पाहिजे. २००२ च्या आवृत्तीत हे दुतर्फा संभाषण प्रथम आले, तेव्हा घरच्या संगणकाला कोणाचाही उच्चार समजेल अशी स्थिती नव्हती. शिवाय खेळ बारा वर्षांच्या मुलालाही जमायला हवा. नवख्याला वाक्यांची ओळख व्हायला ती चौकट उपयोगी पडते, हे मान्य. पण पांगुळगाडा म्हणजे चालणे नव्हे.

खरे चालणे पाहायचे असेल, तर २००१ साली सुरू झालेल्या ‘व्हॅटसिम’कडे जावे. तिथे इंटरनेटवरून हौशी वैमानिकांशी बोलणारे कंट्रोलर माणसेच असतात. ती पैसे घेत नाहीत आणि शिकून, परीक्षा देऊन पायरीपायरीने वर जातात. तिथे आकडा चुकला तर ‘निगेटिव्ह’ असे स्पष्ट ऐकावे लागते. दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात आसपास कोणती विमाने आहेत याचा नकाशा मनात तयार होतो. दोषही आहेत. अनेक विमानतळांवर बहुतेक वेळ कंट्रोलरच नसतो. काही सभासदांना स्पष्ट बोलण्यापेक्षा कॅप्टनसारखे घाईत पुटपुटण्याची हौस जास्त. तरीही पद्धतीचा प्राण तिथे शाबूत आहे.

आपल्या मंडळींना याचे आणखी एक मोल आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारे आव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून लाँग आयलंडवर कोसळले आणि ७३ जण गेले. ‘इंधन संपत आले आहे’ हे वैमानिकांनी सांगितले होते, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नव्हता. परक्या भाषेत, भिडस्तपणे, समोरचा समजून घेईल या भरवशावर बोलणे आपल्यालाही अपरिचित नाही. योग्य वेळी योग्य शब्द ठणकावून सांगणे सरावाने येते. कळ दाबून तो सराव होत नाही.

आता माणसाचे बोलणे ओळखून उत्तर देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कंट्रोलरही बाजारात आले आहेत. त्यांच्या गोड आवाजाने भुलू नये. त्यांना माझी कसोटी साधी आहे. ‘चार हजार’ सांगितले असता मुद्दाम ‘पाच हजार’ म्हणावे. त्याने टोकले तर तो कंट्रोलर. ‘शुभ दिवस’ म्हणाला तर ग्रामोफोन. दुसरी कसोटी, ‘एका प्रवाशाच्या छातीत दुखते आहे’ असे मध्येच सांगून पाहावे.

ज्यांच्या घरी मुले हा खेळ मागत असतील, त्यांनी मोठा पडदा घेण्याआधी एक बरा मायक्रोफोन घ्यावा. ढग पाहायला खिडकी पुरते. ऐकायला आणि ऐकलेले परत म्हणायला मात्र पलीकडे कोणीतरी असावे लागते.