कवटीचे माप आणि बाबासाहेबांचे ‘जर’

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथातील सातव्या प्रकरणाचा आधार आपले लेखक घेतात. परंतु त्यातील एका लहान शब्दाकडे दुर्लक्ष होते, असे आमचे मत आहे.

अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, हे स्टॅन्ले राइस यांचे मत बाबासाहेबांनी तेथे तपासले. तत्पूर्वी १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणावरून जातींची उतरंड सिद्ध होते, असे प्रतिपादन केले होते. डॉ. घुर्ये यांनी मांडलेली मापे घेऊन बाबासाहेबांनी दाखविले की, ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशाचे ठरत नाहीत. मात्र या निष्कर्षास एक अट आहे : वंशनिर्णयासाठी मानवमिती विश्वसनीय असेल तर! प्रतिपक्षाचीच मोजपट्टी घेऊन त्यांनी प्रतिपक्षाला निरुत्तर केले. ती पट्टी पूज्य मानली नाही.

ही सावधगिरी योग्यच होती. स्थलांतरितांच्या मुलांच्या डोक्याचा आकार नव्या परिस्थितीत बदलतो, हे फ्रान्झ बोआस यांनी १९१२ पूर्वीच दाखविले होते. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्ववादी ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजल्या आणि गुरूच्या अपेक्षेविरुद्ध, कवटीच्या विषमतेचा वंशाशी संबंध नाही असा निष्कर्ष काढला. त्यांचे हे धैर्य आम्ही मान्य करतो. तथापि पुढे त्यांनी महाराष्ट्रातील मापे (१९५१) जातवार गटांतच मांडली, हेही नमूद केले पाहिजे. न्यायवैद्यकात कवटीवरून स्त्री-पुरुष भेद व वयाचा अंदाज बांधता येतो. जात मात्र हाडावर कोरलेली नसते.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. इस्लापूर-किनवट परिसरात गोंड, कोलाम, आंध आणि बौद्ध शेजारी राहतात. आपल्यातीलही काही जण ‘मूळ वंशा’चा अभिमान रक्तात व चेहऱ्यात शोधतात. हा मार्ग रिस्लेकडे जातो, बाबासाहेबांकडे नाही. जातिभेद म्हणजे वंशभेद नव्हे, हे त्यांनी १९३६ मध्येच ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात मांडले होते.

वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी तृण, कीटक, पशुपक्षी यांच्यातील जातिलक्षणे सांगितली आणि मनुष्याचे मस्तक, कान, डोळे, नाक यांत तशी लक्षणे नाहीत, असे स्पष्ट केले. माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखावा. ज्यांनी हा धम्म स्वीकारला, त्यांनी मोजपट्टी खाली ठेवावी.