आवर्तसारणीच्या तक्त्यावरील एक रंग

शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता असतोच. धातू, अधातू, निष्क्रिय वायू यांना वेगवेगळे रंग देण्याची त्याची पद्धत उपयुक्त आहे. 'किरणोत्सारी मूलद्रव्ये' म्हणून दिलेल्या रंगाबद्दल मात्र आमची तक्रार आहे.

बहुतेक तक्त्यांत हा रंग टेक्नेशियम (४३), प्रोमेथियम (६१) आणि पोलोनियमपासून (८४) पुढच्या सर्व मूलद्रव्यांना दिलेला असतो. साहजिकच उरलेली सर्व मूलद्रव्ये स्थिर, असे विद्यार्थी धरून चालतो. वास्तविक किरणोत्सार हा मूलद्रव्याचा नव्हे, समस्थानिकाचा गुणधर्म आहे. प्रोटॉन तेवढेच राहून न्यूट्रॉनांची संख्या बदलली, की केंद्रकाचे स्थैर्य बदलते. पोटॅशियम-३९ स्थिर आहे. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. निसर्गातील पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत साधारण एक अणू या प्रकारचा असतो. तो केळ्यात असतो, आपल्या शरीरातही असतो. आयोडीन-१२७ स्थिर, तर थायरॉइडच्या उपचारांत वापरतात त्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवस. या दोन्ही चौकोनांना तो रंग नाही.

रंगाची सीमारेषाही पक्की नाही. बिस्मथ-२०९ मधून अल्फा कण बाहेर पडतात, हे २००३ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. त्याचे अर्धायुष्य २ पुढे १९ शून्ये इतकी वर्षे, म्हणजे विश्वाच्या वयाच्या शंभर कोटी पटींहून अधिक आहे. उलट पोलोनियम-२१४ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत निम्मे होते. 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगणारा रंग हा फरक दाखवू शकत नाही.

कंसांचाही खुलासा तक्त्यावर क्वचितच असतो. पोलोनियमखालचा (२०९) हा आकडा सरासरी अणुवस्तुमान नसून सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकाचा वस्तुमानांक आहे. थोरियम आणि युरेनियम किरणोत्सारी असूनही त्यांना कंस नसतो, कारण पृथ्वीच्या जन्मापासून ती टिकून आहेत आणि त्यांच्या समस्थानिकांचे नैसर्गिक प्रमाण ठाऊक आहे. चौकस विद्यार्थी हे नक्की विचारील.

अणुभट्टीतील कचरा, रुग्णालयातील औषध आणि अन्नातील पोटॅशियम यांबाबत उद्या या मुलांना मत बनवायचे आहे. कोणता समस्थानिक, किती प्रमाणात आणि किती अर्धायुष्याचा, हे विचारण्याची सवय नसेल, तर हाती उरते नुसती भीती किंवा बेफिकिरी.

तक्ता काढून टाकू नये. पोटॅशियम, आयोडीन, बिस्मथ, पोलोनियम, थोरियम व युरेनियम यांच्या चौकोनांवर समस्थानिक आणि अर्धायुष्य लिहिलेल्या चिठ्ठ्या विद्यार्थ्यांकडूनच चिकटवून घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो. एक तास पुरेल.