परपुरप्रवेश आणि प्रताधिकार : ‘आर. जी. आनंद’ निर्णयाची साहित्यिक चिकित्सा

प्रताधिकाराचा कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, कल्पनेच्या अभिव्यक्तीला देतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व आरंभीच शिकवले जाते. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ते ऐकताक्षणी खटकते. आशय आणि अभिव्यक्ती यांची फारकत करता येत नाही, असे मर्ढेकरोत्तर मराठी समीक्षेने वारंवार प्रतिपादन केलेले आहे. समीक्षेने अशक्य मानलेली ही फारकत न्यायालयाला मात्र निकाल देण्यासाठी करावीच लागते. ती कशी केली जाते याचा भारतातील सर्वाधिक उद्धृत दाखला म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिलेला ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ हा निर्णय. विधी महाविद्यालयांत तो पूर्वनिर्णय म्हणून वाचला जातो. दोन कलाकृतींच्या तौलनिक समीक्षेचा लेख म्हणून तो क्वचितच वाचला जातो. वस्तुतः तो तसाच वाचला पाहिजे, कारण एका नाटककाराचा हक्क त्या समीक्षेवरच नाकारला गेला.

वादाची हकिकत थोडक्यात अशी. आनंद हे व्यवसायाने वास्तुविशारद व वृत्तीने नाटककार. त्यांनी १९५३ मध्ये ‘हम हिंदुस्तानी’ हे हिंदी नाटक लिहिले. १९५४ च्या फेब्रुवारीत दिल्लीत त्याचे प्रयोग झाले व पुढे कलकत्त्यातही झाले. नाटकाचा बोलबाला झाल्यावर नोव्हेंबर १९५४ मध्ये दिग्दर्शक मोहन सेगल यांनी पत्राने संहितेविषयी विचारणा केली आणि जानेवारी १९५५ मध्ये दिल्लीत त्यांना संपूर्ण नाटक वाचून दाखवण्यात आले. पुढे करार झाला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटाची घोषणा झाली आणि सप्टेंबर १९५६ मध्ये तो दिल्लीत प्रदर्शित झाला. शेजारी राहणारी एक पंजाबी व एक मद्रासी कुटुंबे, त्यांतील मुलामुलीचे प्रेम आणि प्रांताभिमानापोटी वडीलधाऱ्यांचा विरोध हा गाभा दोन्हींकडे आढळतो. आनंद यांनी दावा लावला. कनिष्ठ न्यायालय, दिल्ली उच्च न्यायालय आणि अखेर सर्वोच्च न्यायालय अशा तिन्ही पायऱ्यांवर ते हरले.

न्या. फझल अली यांनी लिहिलेल्या मुख्य निकालपत्रातील एक भाग निःसंशय ग्राह्य आहे. विषय, कथानकाची कल्पना, ऐतिहासिक वा पौराणिक वस्तू यांवर कोणाचीही मक्तेदारी नसते. प्रांताभिमानाने अडवलेले प्रेम हा विषयच जर आनंद यांच्या मालकीचा ठरला असता, तर १९८१ चा ‘एक दुजे के लिए’ अथवा २०१४ चा ‘टू स्टेट्स’ हे चित्रपट त्यांच्या परवानगीविना निघू शकले नसते. असे संरक्षण कोणत्याही वाङ्मयाला मारक ठरेल.

प्रश्न यापुढे निर्माण होतो. न्यायमूर्तींनी नाटक वाचले, चित्रपट पाहिला आणि साम्यभेद तपासले. चित्रपटात नायक राहायला जागा मिळावी म्हणून दाक्षिणात्य असल्याची बतावणी करतो. हुंड्याचे उपकथानक येते. इतरही सूत्रे येतात. नाटकात यांपैकी काही नाही. यावरून चित्रपट ही वेगळी कलाकृती ठरवली गेली. निकषही सांगितला गेला, तो असा की दोन्ही कृती पाहिलेल्या प्रेक्षकाच्या मनावर दुसरी पहिलीची नक्कल असल्याचा निःसंदिग्ध ठसा उमटला पाहिजे. परंतु सामान्य प्रेक्षकाच्या मनावर ठसा उमटतो तो किशोरकुमार-वैजयंतीमालेचा, गाण्यांचा आणि विनोदाचा. नाटकाची जी मांडणी चित्रपटाच्या पोटात गेली असेल, ती या प्रेक्षकाला सर्वांत शेवटी दिसते. रचना ओळखणे हे जाणकाराचे काम आहे आणि हा निकष नेमक्या त्या जाणकारालाच बाजूला सारतो.

निकालपत्रातील शेवटचे तत्त्व अधिक चिंताजनक आहे. नाटकाची चोरी चित्रपटाने केल्याचा आरोप असेल तेव्हा वादीचे काम अधिक कठीण होते, कारण चित्रपटाचा आवाका व पार्श्वभूमी नाटकापेक्षा मोठी असते, असे त्यात म्हटले आहे. निरीक्षण म्हणून यात चूक नाही. मात्र चित्रपट करण्याचा अनन्य हक्क मूळ लेखकाला देताना कायद्याने या मोठ्या आवाक्याची जाणीव ठेवलेलीच असते. वाद उद्भवला तेव्हा लागू असलेल्या १९११ च्या कायद्यात तो हक्क होता आणि १९५७ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये रूपांतराच्या हक्कासह तो स्पष्टपणे आहे. रूपांतर म्हटले की विस्तार आणि माध्यमानुरूप भर आलीच. ती भरच बचाव म्हणून मान्य केली, तर कायद्याने एका हाताने दिलेले पुराव्याचा नियम दुसऱ्या हाताने काढून घेतो.

या ठिकाणी संस्कृत काव्यशास्त्राची आठवण अस्थानी ठरणार नाही. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतात काव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रतिबिंबासारखे आणि चित्रासारखे साम्य त्याने त्याज्य मानले. दोन माणसांच्या देहांत असते तसे साम्य ग्राह्य मानले. राजशेखराने काव्यमीमांसेत त्यात ‘परपुरप्रवेशसदृश’ या चौथ्या प्रकाराची भर घातली. येथे मूळ वस्तू एकच असते, पण तिच्याभोवतीची रचना अगदी निराळी असते. ‘न्यू दिल्ली’चे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. राजशेखर या प्रवेशाला दोष देत नाही, आणि फझल अलींचा निकालही तत्त्वतः तेच सांगतो. मात्र राजशेखराच्या काव्यव्यवहारात पणाला लागत असे ती कवीची कीर्ती. चित्रपटव्यवसायात परक्याच्या घरात शिरणारा त्या घराचे भाडेही वसूल करतो! काव्यशास्त्राची उदारता अर्थव्यवहारात जशीच्या तशी आणता येत नाही.

न्या. पाठक यांचे छोटेखानी स्वतंत्र मत या दृष्टीने मुख्य निकालपत्रापेक्षा सरस समीक्षा आहे. पटकथाकारांना नाटकाची योजना ठाऊक होती व तिचा काहीएक प्रभाव पटकथेवर पडला, हे त्यांनी नोंदवले. दुसऱ्याच्या श्रमाचा लाभ घेऊ पाहणारा मुद्दाम आपली कृती व्यापक करू शकतो आणि समान भागात चोरी झाकण्यापुरते बदल करू शकतो, असाही इशारा त्यांनी दिला. वस्तुस्थितीचा फेरविचार करण्याची मुभा असती, तर आपण उच्च न्यायालयाशी असहमत झालो नसतो असे नाही, इतके स्पष्ट त्यांनी म्हटले. परंतु खालच्या दोन्ही न्यायालयांचे निष्कर्ष एकसारखे असल्याने त्यांनीही अपील फेटाळण्यास संमती दिली. पुढील निकालांत उद्धृत होत राहिली ती फझल अलींची तत्त्वे. पाठकांची शंका मागे पडली.

नंतरच्या घडामोडींनी कलावंताला जे बळ दिले ते बहुतांशी अन्य दिशांनी. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’वरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकात कलम ५७ मधील लेखकाच्या नैतिक अधिकाराचा व्यापक अर्थ लावला, १९९४ च्या दुरुस्तीने तो काहीसा आकुंचित केला. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांचा मानधनातील वाटा करारानेही काढून घेता येणार नाही असे ठरवले. हे सारे स्वागतार्ह आहे. पण ज्याचे श्रेय आधी मान्य झालेले आहे त्यालाच याचा उपयोग. आनंद यांच्याशी कोणी करारच केला नव्हता.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००३ मधील ‘झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स’ या निकालाने निराळी वाट दाखवली. मालिकेची संकल्पना विश्वासाने सादर केली असेल आणि ती पुरेशी विकसित असेल, तर विश्वासभंगाच्या आधारेही मनाई हुकूम मिळू शकतो, हे त्यात मान्य झाले. निर्मात्यासमोर संहिता वाचणाऱ्या मराठी एकांकिकाकाराने कधी, कोणाला आणि काय वाचून दाखवले याची लेखी नोंद ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे. प्रताधिकाराची नोंदणी अनिवार्य नसली, तरी नोंदवहीतील दाखला कलम ४८ नुसार प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. तथापि ही वाट अप्रकाशित, अप्रयुक्त संहितेपुरती आहे. ज्या नाटकाचे जाहीर प्रयोग झाले त्यात गोपनीय काय उरले, असा प्रश्न प्रतिवादी विचारणारच. ‘हम हिंदुस्तानी’चे प्रयोग तर सेगल यांचे पत्र येण्यापूर्वीच झाले होते.