तळाच्या वळणातली डॅन्यूब

रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभासमोर उभं राहिलं की नजर आपोआप वर चढते. चौथऱ्यासकट उंची सुमारे ३५ मीटर, आणि त्याला वेढे घालत वर जाणारा जवळजवळ दोनशे मीटरचा शिल्पपट. माझ्या लेखी मात्र या पटातलं सर्वांत थोर काम अगदी तळाच्या वळणात आहे.

रोमन सम्राट ट्रेजनने डेशियाशी, म्हणजे आजच्या रोमानियातल्या राज्याशी, इ.स. १०१ ते १०६ या काळात दोन युद्धं केली. त्यांची ही संगमरवरी बखर ११३ साली उभी राहिली. ती सुरू होते नदीकाठापासून. सम्राट अजून आलेला नाही, लढाईही नाही. कुंपण घातलेले पहाऱ्याचे मनोरे, वरच्या मजल्यावरून बाहेर काढलेल्या मशाली, शेजारी रचलेली लाकडं आणि गंजी. पुढे काठाला लागलेल्या होड्या, त्यांत लादलेली पिंपं. जागरण, सरपण, रसद. शिल्पकाराने एकही शत्रू न दाखवता सरहद्द उभी केली आहे.

आणि मग डॅन्यूब. ती इथे पुरुषरूपात आहे. खडकाच्या कपारीतून कमरेपर्यंत वर आलेला धिप्पाड, दाढीवाला नदीदेव. त्याच्या डोळ्यांसमोर वेशीतून निघालेलं सैन्य, खांद्यावरच्या काठ्यांना सामान बांधून, नावांच्या पुलावरून पैलतीराकडे निघालं आहे. सैनिकांहून तो कितीतरी मोठा. नुसता खांदा हलवला तरी नावा विखुरतील. तो हलत नाही, पाहत राहतो. हा देव रोमला साथ देतो आहे असा अर्थ सहसा लावला जातो आणि पटाच्या हेतूला तो धरूनही आहे. तरी त्या निश्चलतेत मला आज्ञाधारकपणा दिसत नाही. वाट दिली आहे ती नदीने, आपल्या मर्जीने.

हे जाणवतं ते बरंच वर, दुसऱ्या युद्धाच्या दृश्यात. दमास्कसच्या अपोलोडोरस या वास्तुकाराने ड्रोबेटाजवळ डॅन्यूबवर बांधलेला पूल तिथे कोरलेला आहे: दगडी खांब, लाकडी कमानी. प्रत्यक्षात तो किलोमीटरहून लांब होता. पुलासमोर सम्राट देवतांना अर्घ्य देतो आहे. नदीदेव मात्र तिथे नाही. नावांच्या पुलाला पाण्याची संमती लागते. दगडी खांबांना ती लागत नाही. शिल्पकाराच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही, पण पट डोळ्यांना हेच सांगतो.

पुढे सम्राट हेड्रियनने त्या पुलाचा वरचा भाग काढून टाकल्याचं इतिहासकार डिओ सांगतो. इ.स. २७०च्या दशकात सम्राट ऑरेलियनने या युद्धांत जिंकलेली डेशिया सोडली आणि सरहद्द पुन्हा डॅन्यूबवर आली.

रोममध्ये मान वर करून जे पुरतं दिसत नाही, ते बुखारेस्टच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात दिसतं. तिथे या पटाच्या पूर्णाकृती प्रतिकृती नजरेच्या उंचीवर मांडल्या आहेत. गेलात, तर लढायांकडे वळण्याआधी या नदीसमोर थोडा वेळ थांबा.