कोनाडा की 'निश'?

अलीकडील मराठी समीक्षेत मोजक्या वाचकांच्या लेखनास 'निश' म्हणण्याचा प्रघात पडतो आहे. शब्दाचा मूळ अर्थ भिंतीतील कोनाडा. १९१७ साली जोसेफ ग्रिनेल यांनी कॅलिफोर्नियातील थ्रॅशर पक्ष्याविषयी लिहिताना तो पर्यावरणविचारात वापरला. तेथे जीवाचे नेमके स्थान असा अर्थ झाला. बाजाराने पुढे केवळ मोजकेपणा उचलला, आणि आमच्या समीक्षकांनी बाजाराकडूनच शब्द घेतला.

आपल्याकडे कोनाडा आहे, देवळी आहे, मंदिराच्या भिंतीवरील देवकोष्ठ आहे. बडोद्यास गोखलो, ग्वाल्हेरीस ताक. (तेथील नव्या मराठी सुनेस 'ताकात दिवा ठेव' म्हटले, तर ती बिचारी गडवा शोधील!) हिंदीत 'ताक पर रखना' म्हणजे बाजूस सारणे, देवकोष्ठात मात्र मूर्ती विराजते. एकाच पोकळीत उपेक्षाही नांदते, प्रतिष्ठाही. शिवाय कोनाडा जाड भिंतीतच निघतो. आजच्या विटेच्या पातळ भिंतीत तो निघत नाही. इंदूर-बेळगावच्या लेखनास 'निश' म्हणून मोकळे होणाऱ्यांनी यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे, तेवढे स्पष्ट सांगावे.